चुलवाणावरून उतरलेली काहील

मी काहील बोलतेय. हो, गुळाचीच, उसाचा रस उकळायची ती भली मोठी पसरट लोखंडी कढई. आता माझ्याजवळ येताना तुम्ही नाकाला रुमाल लावाल, तर खुशाल लावा. सगळेच लावतात. पण एकेकाळी माणसं नाक पुढे करून माझ्याभोवती उभी राहायची, एवढं आधीच सांगून टाकते. ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही.

कोल्हापूरहून हातकणंगल्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं, की उसाच्या फडांमध्ये आमची खालची गल्ली लागते. गल्ली उतारावर आहे. उताराच्या अगदी टोकाला झुंबरबाईचं घर, घरापुढे तिचा दगडी आड, आणि घराच्या बाजूला, कर्दळीच्या वाफ्याला लागून, मी. साऱ्या गल्लीच्या मोऱ्यांचं आणि न्हाणीघरांचं पाणी आधी माझ्यात येतं. भांड्यांचं खरकटं, साबणाचा फेस, तेलाचा तवंग, सगळं. मी ते थोपवून धरते. जड असतं ते तळाशी बसतं, हलकं वर तरंगतं, आणि मधलं पाणी माझ्या कडेच्या नळीतून खडीच्या वाफ्यात उतरतं. तिथं कर्दळ ते आपल्या मुळांनी आणखी स्वच्छ करते आणि मग ते जमिनीत मुरतं. काम तसं मोलाचं आहे. पण मोलाचं काम करणाऱ्याला सोबत मिळतेच असं नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका लोखंडकामाच्या शेडमध्ये झाला. पत्रे कापले, वाकवले, एकमेकांवर चढवून रिव्हेट मारले. घणाचे ते ठोके अजून माझ्या अंगात आहेत. पावसाचा मोठा थेंब पडला तरी मला त्यांची आठवण येते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मला तात्यांच्या गुऱ्हाळावर आणलं. तात्या म्हणजे गल्लीचे बडे बागायतदार. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, माझ्या काठाला कुंकू लावलं, आणि आठ-दहा गड्यांनी मिळून मला चुलवाणावर बसवलं. खालून पहिला जाळ लागला तेव्हा मी घाबरले होते, पण तसं दाखवलं नाही.

माझा खरा मालक तात्या नव्हते, ज्ञानू गुळव्या होता. कागदोपत्री कोणीही असो, काहील गुळव्याचीच. हौदातून रस माझ्यात पडायचा, जळव्या खाली चिपाडं सारत राहायचा, आणि ज्ञानू रानभेंडीच्या काड्या ठेचून त्यांचा बुळबुळीत चिकट रस उकळत्या उसाच्या रसात सोडायचा. मग रसातल्या घाणीची सगळी मळी कशी वर यायची. लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो ती अलगद काढून घ्यायचा. खाली जो रस उरायचा त्यात त्याला म्हणे आपली मिशी दिसायची. मिशी त्याची फार मोठी नव्हती, पण त्याला वाटायचं तसं.

पाक होत आला की तो झाऱ्याचं टोक थंड पाण्यात बुडवून गोळी वळायचा. ते थंड पाणी झुंबरबाईच्या आडाचं. आमचं गुऱ्हाळ तिच्या आडाच्या पलीकडेच होतं. दुसऱ्या कुठल्या पाण्यात गोळी नीट जमत नाही असा ज्ञानूचा हट्ट होता, आणि झुंबरबाईला ते ऐकायला आवडायचं. गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं आमच्याकडे यायची. वाटेवरचा पावणासुद्धा थांबायचा. पळसाच्या पानावर गरम गूळ घ्यायचा, बोटं भाजून घ्यायची, आणि आडावर जाऊन पोटभर पाणी प्यायचं. गूळ माझा, पाणी तिचं.

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायची रीत आहे. बोलणं मागाहून. खालच्या गल्लीत तर भाद्रपदातल्या गौरीसुद्धा झुंबरबाईच्या आडावरून निघायच्या. बायका-पोरी नटूनथटून यायच्या, तेरड्याची रोपं आडाच्या पाण्यानं धुवायच्या, कळश्या भरायच्या, गाणी म्हणायच्या. परतताना प्रत्येकीच्या हातावर झुंबरबाई गुळाचा खडा ठेवायची आणि भांडंभर पाणी द्यायची. त्यासाठी हंगामातल्या पहिल्या आधणातला गुळाचा एक रवा, अख्खी ढेपच, ती वर्षभर जपून ठेवायची. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीसाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. पण त्या एका दिवशी तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

मग एकेक करून सगळं बदललं. ऊस कारखान्याला जाऊ लागला, जळवे मिळेनासे झाले, तात्या थकले आणि एका थंडीत गेले. त्यांच्या मुलानं गुऱ्हाळ बंद केलं. चुलवाण थंडावलं. मला खाली उतरवून पडक्या शेडमध्ये उपडी घातलं. ज्ञानू शेवटच्या दिवशी माझा काठ पुसत बसला होता.

पुढे दोन-तीन वर्षं गणपतीत माझी आठवण झाली. घरगुती गणपती नदीत सोडायचे नाहीत असं गल्लीनं ठरवलं, म्हणून मला चौकात नेऊन माझ्यात पाणी भरलं. माझ्यापुढे आरत्या झाल्या, लोकांनी हात जोडले. मी हुरळून गेले. दुसऱ्या दिवशी गाळ काढून मला पुन्हा उपडी घातलं. नंतर गल्लीनं रंगीत, हलकी टाकी आणली आणि तेवढंही संपलं. माझ्याखाली एक कुत्री व्यायली, तिची पिल्लं मोठी होऊन गेली, आणि तीही गेली. तिचा मला फार लळा लागला होता.

शेडमधून मला झुंबरबाईचं दार दिसायचं. त्या काळात गल्लीत घरोघरी नळ आले. न्हाणीघरं झाली, बेसिनं आली, कपडे धुवायची मशिनं आली. आलेल्या पाण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. वापरलेलं पाणी कुठं जातं हे मात्र कोणी विचारलं नाही. पाण्याला उतार शिकवावा लागत नाही. ते गल्लीभर वाहत खाली आलं आणि झुंबरबाईच्या दारात, आडाच्या कठड्याला टेकून साचलं. आधी डबकं, मग चिखल, मग डास. आणि एक दिवस आडाच्या पाण्यालाच मोरीचा वास यायला लागला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बायका आडावर यायच्या बंद झाल्या. गौरी गल्लीच्या वरच्या टोकाला, मीनाक्षीच्या नळावरून निघू लागल्या. ही मीनाक्षी शाळेत शिकवते. हुशार आहे, तोंडानं फटकळ आहे, आणि गल्ली तिचं ऐकते. तिनं वाईट बुद्धीनं काही केलं नाही. घाण पाण्यातून गौर कोण आणील?

पण झुंबरबाईच्या घरचं पाणीच लोकांनी सोडलं, ते मला आजही खुपतं. ती बिचारी वरच्या नळावरून घागर आणायची, तांब्या घासून लख्ख करायची. कोणी दारात आलं की भांडं पुढे करून म्हणायची, नळाचं हाय. समोरचा म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो. सगळे आत्ताच पिऊन आलेले असायचे. दर गौरीला ती कट्ट्यावर गुळाचा डबा आणि पाण्याचा तांब्या मांडून बसायची. अंधार पडला की दोन्ही उचलून आत न्यायची. उपड्या काहिलीला आणि भरल्या तांब्याला एकच दुःख असतं, हे मला तेव्हा कळलं.

मग भंगारवाला आला. तात्यांच्या मुलानं त्याला मला दाखवलं. त्यानं माझ्यावर बूट आपटून आवाज ऐकला आणि उद्या गाडी घेऊन येतो म्हणाला. मी त्या दिवशी फार रडले असते, पण लोखंडाला नुसता गंज येतो.

त्याच दिवशी दीक्षा आली. दीक्षा आमच्याच गावची, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. शिकून इंजिनीयर झाली, आणि लहान वस्त्यांचं सांडपाणी तिथल्या तिथं स्वच्छ करायची कामं करते. गल्लीनंच तिला बोलावलं होतं, डासांनी सगळे हैराण झाले होते. तिनं उतार मोजला, डबक्याच्या काठानं फिरली, आणि झुंबरबाईच्या घराच्या बाजूची जागा मागितली. झुंबरबाईनं जागा दिली आणि सवयीनं पाण्याचं भांडंही पुढे केलं. होतं ते नळाचंच, पण तसं म्हणायला त्या दिवशी ती विसरली.

दीक्षानं भांड्याकडे पाहिलं. ती खोटं बोलली नाही.

"आज नको, आजी. आडाचं दिसतंय हे. निवळलं, तपासून झालं, की तुमच्या हातचं पिऊन जाईन." मग ती म्हणाली, "पाणी नाकारलं की काय वाटतं ते आमच्या घरात ठावं हाय. माझी आजी ह्याच आडावर यायची. तिला वरनं, लांबनं पाणी वतायचे."

झुंबरबाईनं भांडं खाली ठेवलं.

"मीच वतत हुते, बाई," ती म्हणाली. "सासू सांगायची, आन् मी वतायची."

"ठावं हाय," दीक्षा म्हणाली, आणि मोजायच्या फितीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "हे धरा. कर्दळीचा वाफा हितनं घ्यायचा."

मापं घेताघेता ती शेडपाशी आली आणि तिनं मला पाहिलं. तेलकट पाणी थांबवायला तिला पसरट, मजबूत भांडं हवं होतं. तात्यांच्या मुलानं भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. वेल्डरनं माझ्या कडेला भोक पाडून नळी बसवली. दुखलं. पण मला पुन्हा सुलटी, आभाळाकडे तोंड करून बसवलं, त्यापुढे ते काहीच नव्हतं.

रोजचा तवंग काढायचा कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळी गल्ली आपापल्या चपला न्याहाळू लागली. मागून काठी टेकत ज्ञानू आला. मिशी पांढरी झाली होती. "काहील माझी हाय," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लांब दांड्याचा झारा माझ्या अंगावरून फिरला. वास उसाचा नव्हता, वाफ नव्हती, पण हात तोच होता. काठाकडून आत, मग वळसा, मग अलगद वर. एकेकाळची मळी तशी आताची. तो माझ्याशी बोलायचाही. आज मीनाक्षीकडं शेंगोळ्या झाल्यात बग, म्हणायचा. त्याला वासावरून कळायचं आणि मला चवीवरून. रविवारी तांबड्या रश्श्याचा तवंग इतका यायचा की माझं तोंड लाल व्हायचं. उपासाला साबुदाण्याची पेज. लग्न ठरलेल्या घरातून हळदीचं पाणी. भांडण झालेल्या घरातून अख्खी आमटी. माणसं दारं लावून जगतात आणि मोरीतून सगळं सांगून टाकतात.

येणारे-जाणारे मात्र माझ्यापाशी आले की पाय उचलून चालायचे. पोरं श्वास रोखून पळत पलीकडे जायची. ज्ञानू सोडला तर माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पण तो होता, म्हणून चाललं होतं.

उन्हाळ्यात आड उपसला, गाळ काढला, कठडा दुरुस्त केला. पावसानं नवं पाणी भरलं. डबकं नव्हतं, डास कमी झाले होते. आता सगळ्यांचं लक्ष गौरींकडे लागलं. पाणी चांगलं निघालं तर गौरी पुन्हा इथूनच आणू, असं मीनाक्षीनं बोलता बोलता म्हटलं होतं, आणि झुंबरबाईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. रोज सकाळी ती पोहरा काढायची, ओंजळीत पाणी घेऊन वास घ्यायची. अजून थोडा यायचा. दीक्षा सांगायची, आजी, जमिनीत मुरलेली घाण हाय, वेळ लागंल. पण गौरी काही वेळ लागू देत नाहीत.

ज्ञानू रोज ते पाहत होता. त्याला तिचं तोंड बघवेना. आणि त्यानं असं काही केलं, जे फक्त एखादा गुळव्याच करील.

बांधावरून त्यानं रानभेंडी आणली. दगडावर ठेचली, बादलीत चोळली, आणि ती बुळबुळीत बादली माझ्यात ओतली. एकदा नाही, रोज. "रस निवळतोय, मग पानी का न्हाय," तो मला म्हणायचा. पहिल्या दिवशी वरचं पाणी खरंच थोडं उजळल्यासारखं झालं. तो इतका खूश झाला की काठी टाकून दोन्ही हातांनी झारा मारू लागला. मला कळत होतं की काहीतरी चुकतंय. माझ्याखाली जाळ नव्हता. उकळीशिवाय मळी वर येत नसते. ती चिकट गोळे होऊन माझ्या नळीतून वाफ्यात निघाली होती. पण मी त्याला सांगणार कशी? आणि खरं बोलायचं तर मला थांबवायचंही नव्हतं. इतक्या वर्षांनी माझ्या काठाशी भेंडी ठेचली जात होती.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. खडीत ती बुळबुळ अडकली, कुजली, वाफा तुंबला. गौरींच्या दोन दिवस आधी काळं पाणी वाफ्यावरून उलटलं आणि थेट आडाच्या कठड्यापर्यंत गेलं. वास असा सुटला की वरच्या टोकाच्या खिडक्या लागल्या.

सगळी गल्ली झुंबरबाईच्या अंगणात जमली. कितीतरी वर्षांनी तिचं अंगण भरलं, ते असं. मीनाक्षी म्हणाली की ह्याच्यापेक्षा गटार परवडलं; पाईप टाकून पाणी सरळ ओढ्याला सोडा आणि ही काहील भंगारात घाला. माना हलल्या. दीक्षानं बाह्या सरसावल्या, वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काळी बुळबुळ बाहेर काढली. हे कुठनं आलं, तिनं विचारलं.

"भेंडी म्या घातली," ज्ञानू म्हणाला.

"रसाला उकळी असती, काका," दीक्षा हळूच म्हणाली. "ह्या थंड पाण्याला उकळी कुठली?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मागं कोणीतरी हसलं. मग आणखी दोघे-तिघे हसले. गुळव्यानं मोरीचा गूळ केला, असं कोणीतरी म्हणालं. ज्ञानूनं झारा माझ्या काठावर आडवा ठेवला आणि काठी टेकत, कोणाकडे न बघता, उतार चढून निघून गेला.

गर्दी पांगायच्या आत झुंबरबाई कट्ट्यावरून उतरली. ती कधी चारचौघांत बोलत नाही.

"एक साल द्या मला," ती म्हणाली. "फुडल्या गौरीला आडाचं पानी बगा. वास आला तर भंगारवाल्याला मीच बोलवीन, आन् दाराम्होरनं गटार जाऊ दे, मी तोंड उगडनार न्हाय."

मीनाक्षी बरं म्हणाली. त्या वर्षी गौरी पुन्हा नळावरूनच गेल्या. त्याच वेळी दीक्षा आणि झुंबरबाई वाफ्यात बसून एकेक खडा धूत होत्या.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात एकटं वर्ष. शेडमध्ये उपडी पडले होते तेव्हा निदान वाट बघायला कोणी नव्हतं. आता रोज सकाळी मी काठीचा आवाज ऐकायची. ज्ञानू गल्लीच्या मध्यापर्यंत यायचा, खोकायचा, आणि तिथूनच माघारी वळायचा. लोक विसरून गेले होते. हसलेले तर सगळ्यात आधी विसरले. तो विसरला नाही. झारा आता झुंबरबाई मारायची. पाठ वाकलेली, हात अवघडलेला, पण एक दिवस चुकवला नाही. माझ्याशी ती बोलायची नाही. तिची नजर माझ्यावरून आडाकडे असायची. मला राग यायचा, आणि मग वाटायचं, तिचा तरी दुसरा आसरा कोणता?

कर्दळ मात्र माजली. लाल, पिवळी फुलं आली. लोक फुलांचे फोटो काढायचे, आणि माझा काठ त्यात येऊ नये म्हणून बाजूला सरकायचे.

पुन्हा भाद्रपद आला. दीक्षानं आडाचं पाणी तपासायला नेलं होतं. गौरींच्या दिवशी ती स्वतः आली आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं की पाणी प्यायला चांगलं आहे. बायका आल्या. मीनाक्षी सगळ्यांच्या पुढे होती. दिलेला शब्द मोडणारी ती नव्हे. तिनं पहिला पोहरा काढला, वास घेतला, आणि कळशी भरली. तेरडा धुतला गेला. गाणी सुरू झाली. झुंबरबाई दारात डबा आणि तांब्या घेऊन उभी होती. नवी साडी नेसली होती, तिची घडीची रेघ मोडली नव्हती.

एकेक बाई पुढे आली. गूळ सगळ्यांनी घेतला. पण पाण्याचं भांडं पुढे झालं की जी ती मागचीकडे बघायची, कळशी सावरायची, पोराला हाक मारायची. एवढ्या वर्षांची सवय, नुसत्या तपासणीनं कशी सुटेल? मीनाक्षीसुद्धा गुळाचा खडा मुठीत धरून उभी राहिली. आडाचं पाणी गौरीला चाललं होतं, पण घशाखाली उतरेना. झुंबरबाईचा हात तसाच पुढे होता.

दीक्षा बाजूला उभी होती, ती पुढे आली. "आजी, माझं पाणी राहिलंय की," ती म्हणाली.

झुंबरबाईनं भांडं दोन्ही हातांनी धरून तिच्या हातात दिलं. दीक्षानं ते ओठाला लावलं आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. झुंबरबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. मग मीनाक्षीनं हात पुढे केला, आणि तिच्यामागे सगळ्यांनी. तांब्या रिकामा झाला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. झुंबरबाई मधेच पदरानं डोळे पुसायची आणि पाणी ओतायची.

हे सगळं माझ्यापासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. का पाहावं? निवळलेलं पाणी बघणारा गाळाकडे कशाला बघेल? गरज सरो, वैद्य मरो. मी स्वतःची समजूत घालत होते, तेवढ्यात कर्दळीच्या मागून काठी टेकल्याचा आवाज आला.

ज्ञानू होता. अंगणात न जाता मागच्या वाटेनं आला होता. त्याच्या मुठीत गुळाचा खडा होता. झुंबरबाईनं मागच्या दारानं दिला असणार. त्यानं झारा उचलला. काठाकडून आत, वळसा, अलगद वर. एकदाच. मग झारा ठेवला, धोतराच्या सोग्यानं माझा काठ पुसला, आणि तिथं तो खडा ठेवला.

"जलमभर गूळ केलास," तो म्हणाला, "आन् तुला कुनी दिला न्हाय."

थोड्या वेळानं माझ्या काठावर मुंगळे आले. किती वर्षांनी आले होते.

त्यानंतर तो रोज यायचा, थंडी पडेपर्यंत. मग खोकला वाढला आणि एक दिवस काठीचा आवाज आला नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी त्याला पोचवलं. ते माझ्यासमोरून गेले, पण मला कोणी काही सांगितलं नाही. मला झुंबरबाईच्या झारा मारण्यावरून कळलं. त्या दिवशी ती मधेच थांबली आणि बराच वेळ माझ्या काठाला टेकून उभी राहिली.

आता आम्ही दोघीच आहोत. तिची पाठ साथ देते त्या दिवशी ती येते. देत नाही त्या दिवशी तवंग साचतो आणि लोक म्हणतात, वास येतोय. जमलं तर तेलकट भांडं कागदानं पुसून मग मोरीत घाला; तेवढाच तिचा एक हात वाचेल. माझा तळ पातळ झालाय, कडेला गंजानं दोन ठिकाणी जाळी पडलीय. किती वर्षं काढीन ते सांगता येत नाही.

माझ्याजवळ नाही थांबलात तरी चालेल. नाक दाबून पुढे जा, मी समजून घेईन. पण पुढे गेलात की आडाशेजारी एक दार लागेल. दारात म्हातारी उभी असेल, तिच्या हातात गूळ असेल आणि पाण्याचं भांडं असेल. ती पुढे करील तेव्हा, आत्ताच पिऊन आलो, असं म्हणू नका.